कावीळ दिसली की आधी अक्षर विचारा

लॅबमध्ये सकाळी साडेआठच्या सुमारास पहिली बॅच फिरून होते. सेंट्रिफ्यूज थांबलं की मी एकेक नळी उचलून खिडकीकडे धरते. खाली लाल पेशी बसलेल्या, वर सीरम. निरोगी माणसाचं सीरम वाळल्या गवताच्या काडीसारखं फिकट पिवळं असतं. काविळीच्या रुग्णाचं मात्र वाटीत केशर भिजत घातल्यासारखं दिसतं, कधी तर थेट हळदीच्या पाण्यासारखं. मशीनमध्ये घालायच्या आधीच कळतं की आज कुणाच्या तरी घरी काळजी आहे. पण ती नळी कितीही वेळ निरखली तरी ही कावीळ कशाची, ते कळत नाही. ए, बी, सी, ई, कुठल्याही विषाणूची कावीळ असो, नळीत ती सारखीच पिवळी.

इंदूरमध्ये पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करून मला सव्वीस वर्षं झाली. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर, सगळीकडची आपली माणसं रिपोर्ट घ्यायला येतात आणि काउंटरवर एकच प्रश्न विचारतात, "बिलिरुबिन उतरलं ना हो ताई?" कुठल्या विषाणूची कावीळ होती, हे विचारणारे फार थोडे.

माझ्या मामांनीही विचारलं नव्हतं. सत्तेचाळीसाव्या वर्षी त्यांनी एका शिबिरात रक्तदान केलं. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला की यापुढे रक्त देऊ नका. का, पुढे काय करायचं, कुणाला दाखवायचं, काही सांगितलं नाही. अकरा वर्षांनी त्यांचे पाय सुजले, पोटात पाणी झालं, तेव्हा त्यांचा नमुना माझ्याच टेबलावर आला. हिपॅटायटिस बी, आणि यकृत आक्रसलेलं. मी विचारलं, "मामा, तुम्हाला आधी कुणी काहीच सांगितलं नव्हतं?" ते म्हणाले, "अगं, फोन आला होता की. रक्त देऊ नका म्हणाले. नाही दिलं."

हा लेख त्या उत्तरामुळे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, औषध ठरवणं हे डॉक्टरांचंच काम. पण रिपोर्ट हातात आल्यावर काय बघायचं, काय विचारायचं आणि कुठे थांबायचं नाही, एवढं घरच्या माणसाला नक्की कळू शकतं.

यकृत करतं काय

खाटकाच्या दुकानात ज्याला आपण काळीज किंवा कलेजी म्हणतो, ते हेच यकृत. उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड, साधारण सव्वा ते दीड किलोचं. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनं तिथे तयार होतात. रक्तातलं पाणी रक्तातच धरून ठेवणारं अल्ब्युमिन तिथेच बनतं. आतड्यातून आलेला अमोनिया युरियात बदलून बाहेर टाकायची सोय तिथे होते. साखर साठवायची, औषधांचा निचरा करायचा, चरबी पचवायला पित्त बनवायचं, हेही त्याच्याकडेच. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं आणि यकृत ते पित्तातून आतड्यात सोडतं. यकृताला सूज आली की हा निचरा तुंबतो, बिलिरुबिन रक्तात साचतं आणि डोळे पिवळे होतात.

म्हणजे कावीळ हे लक्षण झालं. हिपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज, आणि ती विषाणूंनी येते, दारूने येते, औषधांनी येते, चरबी साठूनही येते. पित्ताचा खडा नळीत अडकला तर यकृत धडधाकट असूनही माणूस पिवळा पडतो. उलट बी आणि सी हे विषाणू वीस-तीस वर्षं यकृत पोखरत राहतात आणि तेवढ्या काळात डोळे एकदाही पिवळे होत नाहीत. माझ्या मामांना आयुष्यात कधी कावीळ झाल्याचं आठवत नाही.

पहिली पायरी: उजेडात डोळे बघा

संशय आला तर माणसाला खिडकीशी, दिवसाच्या उजेडात उभं करा. ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या बल्बखाली फसगत होते. त्याला खाली बघायला सांगून वरची पापणी उचला, डोळ्याचा पांढरा भाग पाहा. बिलिरुबिन साधारण अडीच-तीनच्या पुढे गेलं की पिवळेपणा नजरेला येतो. निरोगी माणसात ते १.२ च्या आत असतं. तळहात पिवळे आणि डोळे पांढरे असतील तर ती बहुधा कावीळ नव्हे. गाजर-पपई खूप खाल्ल्यानेही तसं होतं.

मग लघवीचा रंग विचारा. लोक लाजतात, पण विचाराच. मोहरीच्या तेलासारखी किंवा कोऱ्या चहासारखी गडद लघवी ही बऱ्याचदा डोळ्यांच्या आधीची खूण असते. त्याच्याही आधी काही दिवस अन्नाची शिसारी येते. रोज पोह्यांवर तुटून पडणारा माणूस फोडणीचा वास आला की उठून जातो. बारीक ताप, मळमळ, उजवीकडे बरगडीखाली जडपणा. शौचाचा रंग शाडूच्या मातीसारखा पांढुरका, अंगाला खाज आणि पोटात कळ, असं एकत्र असेल तर पित्तनळी अडल्याचा संशय घ्यावा. त्यात सोनोग्राफी लवकर लागते. नवजात बाळाची कावीळ हा वेगळाच विषय आहे, तो बालरोगतज्ज्ञांकडेच न्यायचा.

दुसरी पायरी: रिपोर्टचे दोन भाग करून वाचा

डॉक्टर सहसा एलएफटी, म्हणजे यकृताच्या रक्तचाचण्यांचा संच, लिहून देतात. त्या कागदावर दहा-बारा आकडे असतात आणि लोक ज्याच्यापुढे बाण आहे तो मोठा आकडा पाहून घाबरतात. मी समजावून सांगते ते असं.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या पेशींच्या आतली द्रव्यं. पेशी फुटली की ती रक्तात येतात. म्हणजे हे आकडे सांगतात की आत्ता मोडतोड किती चालू आहे. निरोगी माणसात ते साधारण चाळीसच्या आत असतात. ए किंवा ई मध्ये हजाराच्या वर सहज जातात आणि तरीही माणूस ठणठणीत बरा होतो. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल तर डॉक्टर दारूबद्दल विचारणारच, तेव्हा खरं सांगावं.

अल्ब्युमिन आणि पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, हे आकडे वेगळंच सांगतात. कारखान्यात तोडफोड झाली खरी, पण माल अजून निघतोय का, ते यांच्यावरून कळतं. आयएनआर निरोगी माणसात एकच्या आसपास. तो दीडच्या पुढे सरकला तर यकृताची ताकद कमी पडते आहे, असं समजायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. बऱ्याच एलएफटीमध्ये ही चाचणी नसतेच, वेगळी सांगावी लागते. काविळीच्या रुग्णासाठी ती सांगायला विसरू नका.

इथे एक फसवा प्रसंग येतो. एसजीपीटी दोन हजारावरून तीनशेवर आलं म्हणून घरचे पेढे आणतात, पण बिलिरुबिन वाढतंच आहे, आयएनआर वाढतोय आणि रुग्ण झोपाळू झालाय. याचा अर्थ फुटायला पेशीच उरलेल्या नाहीत. एसजीपीटी उतरताना बाकीचेही आकडे सुधारत असतील तरच ती चांगली बातमी.

तिसरी पायरी: अक्षर शोधा

यासाठी वेगळ्या चाचण्या असतात. ए साठी आयजीएम अँटी-एचएव्ही, ई साठी आयजीएम अँटी-एचईव्ही, बी साठी एचबीएसएजी, सी साठी अँटी-एचसीव्ही. या चारांशिवाय 'व्हायरल कावीळ आहे' हे वाक्य अर्धवट आहे. डी नावाचा पाचवा विषाणूही आहे, पण तो बी च्या पाठीवर बसूनच येतो. बी नसेल तर डी होऊच शकत नाही.

ए आणि ई तोंडावाटे येतात, दूषित पाण्यातून आणि अन्नातून. बी आणि सी रक्तातून येतात. बी लैंगिक संबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो.

आपण नेहमी परवाच्या पाणीपुरीला दोष देतो. पण ए शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, ई ला दोन ते दहा आठवडे, बी ला दीड ते सहा महिने. तेव्हा आठवायचं असेल तर महिनाभर मागचं आठवा. एखादं लग्न, एखादी सहल, गल्लीत खोदकाम झालं ते दिवस.

ए किंवा ई निघाला तर

या दोन्हींवर विषाणू मारणारं औषध नेहमीच्या रुग्णाला लागत नाही. शरीर स्वतःच त्याला हुसकावतं, बहुतेकांना चार ते आठ आठवड्यांत आराम पडतो. औषधाच्या दुकानातून आणलेली 'लिव्हर टॉनिकं' हा काळ कमी करत नाहीत. रुग्णाला विश्रांती, पुरेसं अन्न आणि लक्ष ठेवणारं माणूस, एवढं हवं.

अन्नाबद्दल मला जरा खोलात सांगायचं आहे, कारण आपल्या घरांत काविळीच्या माणसाला उपाशी मारतात. तेल बंद, तूप बंद, डाळ बंद, हळद तर घरातूनच हद्दपार, का तर पिवळी! महिनाभर उसाचा रस आणि मुरमुरे. हळदीच्या रंगाचा बिलिरुबिनशी काही संबंध नाही. यकृताला नव्या पेशी घडवायच्या आहेत, त्याला प्रथिनं लागतात. वरण-भात, मऊ खिचडी, ताजं दही, खात असतील तर अंडं, सगळं चालतं. तळलेलं सोसत नाही ते मळमळीमुळे. चमचाभर तुपाने यकृताचं काही बिघडत नाही. मळमळ सहसा दिवस कलेल तशी वाढते, म्हणून मुख्य जेवण सकाळी द्या. ताटभर वाढू नका, दर दोन-तीन तासांनी वाटीभर द्या. उसाचा रस घरी, स्वच्छ हातांनी, बर्फाशिवाय मिळत असेल तर खुशाल घ्या. गाड्यावरच्या रसातला बर्फ कुठल्या पाण्याचा, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि आधीच सुजलेल्या यकृतावर दुसरा संसर्ग परवडत नाही.

दारूचा थेंबही नको, बरं झाल्यावरही काही महिने नको. ताप आला म्हणून मनाने पॅरासिटामॉल देऊ नका. किती चालेल ते डॉक्टरांना विचारा, कारण याच औषधाचा जास्त डोस यकृत निकामी करू शकतो. टीबीची औषधं चालू असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगा, त्यांच्यामुळेही कावीळ होते. आणि काढे. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली होती. झाडपाल्याचं आहे म्हणजे बाधणार नाही, असं नसतं. घेत असाल तर लपवू नका, बाटली घेऊन जा.

ए चा रुग्ण पिवळा दिसण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीपासून ते पिवळा झाल्यावर साधारण आठवडाभर इतरांना संसर्ग देऊ शकतो. त्या काळात त्याने घरच्यांसाठी स्वयंपाक करू नये, शक्य असल्यास संडास वेगळा ठेवावा, आणि सगळ्यांनीच साबणाने हात धुवावेत. भांडी साबणाने नीट घासली तर पुरे, वेगळ्या खोलीत कोंडून ठेवायची गरज नाही. ए ची लस उपलब्ध आहे आणि संपर्कात आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत दिली तरी उपयोग होतो. घरात लहान-तरुण मुलं असतील तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा. पूर्वी ए लहानपणीच होऊन जायचा आणि फारसा कळायचाही नाही. आता स्वच्छ घरांत वाढलेली मुलं भंवरकुआंला कोचिंगसाठी खोली घेऊन राहतात, बाहेर जेवतात, आणि विशीत पहिल्यांदा ए ला सामोरी जातात. या वयात तो जास्त जोरात येतो.

ई गरोदरपणात फार धोक्याचा आहे. शेवटच्या तिमाहीत झाला तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर 'उद्या बघू' म्हणू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

माळ आणि चुन्याचं पाणी

आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलाला कावीळ झाली तेव्हा त्या मला कावीळ उतरवणाऱ्याकडे सोबत घेऊन गेल्या होत्या, म्हणून मी हे जवळून पाहिलं. उतरवणाऱ्याने मुलाच्या हातांना कसला तरी रस चोळला, मग परातीतल्या निवळशंख पाण्यात हात धुवायला लावले. पाणी पिवळं होत गेलं. बायका हात जोडून उभ्या. नंतर डोक्यावर बारीक काड्यांची माळ ठेवली. रोज थोडी लांबेल, पायापर्यंत पोचली की कावीळ गेली.

त्या पाण्यात चुन्याची निवळी असते आणि हातांना आंब्याच्या सालीचा रस. दोन्ही एकत्र आले की पिवळा रंग येतो. तुमचे-माझे निरोगी हात धुतले तरी येईल. माळेच्या काड्या ओल्या असताना गाठी मारलेल्या असतात. काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते. खुंटीवर टांगून ठेवली तरी लांबते. मी काकूंना टाकून बोलले नाही. मुलाला ए होता, तो बराच होणार होता, आणि झाला. मला भीती वाटते ती ज्याला बी आहे त्याची. त्याचाही पिवळेपणा कधी कधी उतरतो, माळेला यश मिळतं आणि विषाणू आत तसाच राहतो.

वही ठेवा, आणि धावायची वेळ ओळखा

यकृत कमी पडू लागलं की अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. सुरुवात इतकी हळू असते की घरच्यांना वाटतं, अशक्तपणा आहे. म्हणून मी सगळ्यांना एक युक्ती सांगते. रुग्णाच्या उशाशी एक वही ठेवा. रोज सकाळी त्याला तारीख, स्वतःचं नाव आणि सही करायला लावा, खाली एखादा घड्याळाचा चेहरा काढायला सांगा. अक्षर वेडंवाकडं होऊ लागलं, तारीख चुकू लागली तर तो दिवस थांबण्याचा नव्हे. मामांच्या वहीत एका मंगळवारी आडनावाचं शेवटचं अक्षर दोनदा लिहिलेलं होतं. मामी म्हणाल्या, झोप झाली नसेल. आम्ही नेलं, आणि वेळेत नेलं.

दिवसा झोप आणि रात्री जाग, चिडचिड, असंबद्ध बोलणं, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, डांबरासारखी काळी शौच, पोट फुगणं, यांतलं एकही दिसलं तर ओपीडीची वेळ बघू नका, थेट तातडीच्या विभागात जा.

पाण्याचं काय करायचं

डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. यमुनेत मिसळलेलं सांडपाणी पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचलं होतं. तेव्हाच्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. पंचवीस वर्षांनी ते तपासले तेव्हा कळलं की तो ए नव्हताच. तो ई होता, ज्याला तोवर नावही नव्हतं.

आपल्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून, डोंगर चढवून आणतात आणि शुद्ध करून सोडतात. २०१७ पासून स्वच्छतेत सलग पहिलं येणारं हे शहर आहे, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण झाडलेला रस्ता आणि त्याखालचा जुना पाइप या दोन वेगळ्या गोष्टी. जिथे नळ एकदिवसाआड येतात, तिथे मधल्या वेळेत पाइप रिकामा असतो. त्याला तडा असेल आणि शेजारून गटाराची लाइन जात असेल, तर बाहेरचं आत झिरपतं. त्यात नळाला थेट टुल्लू पंप लावला की तो पाण्याबरोबर ती घाणही ओढतो. तेव्हा टुल्लू थेट नळाला लावू नका. आधी हौद भरू द्या, मग हौदातून टंकीत चढवा. पाणी आल्यावर सुरुवातीची दोन-चार मिनिटं वाहून जाऊ द्या. गढूळ दिसलं, वास आला तर इंदूर ३११ अ‍ॅपवर फोटोसकट तक्रार टाका आणि गल्लीतल्या सगळ्यांना टाकायला लावा, एकट्याच्या तक्रारीपेक्षा दहा तक्रारींची दखल लवकर घेतली जाते. पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर आणखी किमान एक मिनिट उकळू द्या, ए आणि ई दोन्ही मरतात. टंकी वर्षातून दोनदा धुवा, आणि बोरिंगचं पाणी थंड-गोड लागतं म्हणून शुद्ध मानू नका.

सराफ्यात, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जाणं बंद करा असं मी म्हणणार नाही. कढईतून समोर काढलेला गराडू, तव्यावरचं गरम भुट्ट्याचं कीस, यांत विषाणू टिकत नाही. प्रश्न असतो कच्च्या पाण्याचा. पाणीपुरीचं पाणी, बर्फाचा गोळा, चिरून ठेवलेली फळं, पातळ चटणी, कुठल्याही गाड्यावरची.

बी निघाला तर

एचबीएसएजी पॉझिटिव्ह असा कागद हातात आल्यावर बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो, लोक काय म्हणतील. ताट-वाटी वेगळी करू नका. बी एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने पसरत नाही. तो रक्तातून जातो: दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश, नखं कापायची कात्री, नीट न उकळलेली दातांची हत्यारं, जत्रेत गोंदवून घेतलेली सुई. शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात हा विषाणू किमान सात दिवस जिवंत राहतो. म्हणून न्हाव्याला प्रत्येक वेळी नवं ब्लेड लावायला सांगा, समोर पाकीट फोडायला लावा.

मोठेपणी बी झाला तर शंभरातले पंच्याण्णव जण सहा महिन्यांत त्याला घालवून देतात. जन्मताना आईकडून झाला तर उलट, नव्वद टक्के मुलांत तो कायमचा राहतो. म्हणून सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा तपासायचं. तेव्हाही पॉझिटिव्ह असेल तर तो जुनाट झाला. मग एचबीईएजी आणि एचबीव्ही डीएनए (रक्तात विषाणू किती जोमात आहे ते सांगणाऱ्या चाचण्या), एसजीपीटी, सोनोग्राफी, जमल्यास यकृताचा कडकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन. सगळ्यांनाच गोळी लागते असं नाही, पण दर सहा महिन्यांनी तपासणी सगळ्यांना लागते. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर या गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात, समूळ काढत नाहीत. बरं वाटलं म्हणून गोळी मनाने बंद केली तर विषाणू एकदम उसळतो आणि ते जिवावर बेतू शकतं. दुसऱ्या कशासाठी स्टिरॉइड किंवा केमोथेरपी घ्यायची वेळ आली तर त्या डॉक्टरांना बी आहे हे आधी सांगा.

आता घरच्यांचं. पती-पत्नी, मुलं, भावंडं, आई, सगळ्यांची तपासणी करा. मामांचं कळल्यावर आम्ही त्यांच्या पाचही भावंडांची केली, तिघं पॉझिटिव्ह निघाली. माझी आई त्यांतली एक. तिला एकाही दिवसाचा त्रास नव्हता. जे निगेटिव्ह निघतील त्यांना लस: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी, असे तीन डोस. सरकारी लसीकरणात बी ची लस देशभर २०११ पासून आली, म्हणजे आजच्या बहुतेक मोठ्या माणसांना ती मिळालेलीच नाही. लग्न ठरत असेल तर मोडायचं कारण नाही. जोडीदाराने लस पूर्ण करून टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण, तपासावं, १० च्या वर असेल तर संरक्षण मिळालं.

गरोदर बाई पॉझिटिव्ह असेल तर तिचं डीएनए पाहतात. दोन लाखांच्या वर असेल तर शेवटच्या तिमाहीत टेनोफोविर देतात. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस, आणि शक्य तितक्या लवकर, बारा तासांच्या आत, इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन. ही दोन्ही कुठे मिळतील ते सातव्या महिन्यातच ठरवून ठेवा, रात्री दोनला शोधाशोध नको. पुढचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. आईने दूध पाजायला हरकत नाही.

सी निघाला तर

इथे मी आनंदाने लिहिते. सी वर लस नाही, पण सी बरा होतो. सोफोसबुविरच्या जोडीने डॅक्लाटासविर किंवा वेल्पाटासविर, रोज गोळी, बहुतेकांना बारा आठवडे. शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक जणांतून विषाणू पूर्ण जातो. अट एकच, तो आहे हे कळलं पाहिजे. २००२ सालाच्या आधी रक्त चढवलेलं असेल, डायलिसिस झालं असेल, गावाकडे एकाच सुईने सगळ्यांना इंजेक्शनं मिळाली असतील, तर काहीही होत नसलं तरी एकदा अँटी-एचसीव्ही करून घ्या.

ती पॉझिटिव्ह आली तर लगेच हाय खाऊ नका. ही चाचणी फक्त सांगते की सी कधीतरी येऊन गेला. तो आता आहे का, हे आरएनए चाचणीवर ठरतं. बरं झाल्यावरही अँटी-एचसीव्ही जन्मभर पॉझिटिव्हच राहते, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा करून पैसे घालवू नका. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए करा. उपचार सुरू करायच्या आधी बी ची तपासणी झालीच पाहिजे, कारण सी गेल्यावर दबलेला बी उसळू शकतो.

२८ जुलै २०१८ ला देशात राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात बी आणि सी च्या तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन 'हिपॅटायटिसचं उपचार केंद्र कुठे' असं विचारा, आधार कार्ड आणि जुने सगळे कागद घेऊन जा.

यकृत किती कडक झालंय

जुनाट सूज राहिली की यकृतात व्रणाच्या खुणा साठत जातात. एफ शून्यपासून एफ चारपर्यंत मोजतात. चार म्हणजे सिऱ्हॉसिस, व्रणांनी कडक होऊन आक्रसलेलं यकृत. घरच्या घरी अंदाज घ्यायला एक सोपं गणित आहे, फिब-फोर. वय गुणिले एसजीओटी करा. प्लेटलेट हजारांत घ्या, दीड लाख असतील तर १५०, आणि त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. वय ५२, एसजीओटी ६०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट दीड लाख. ५२ गुणिले ६० म्हणजे ३१२०. ६४ चं वर्गमूळ ८, १५० गुणिले ८ म्हणजे १२००. भागाकार २.६. हा आकडा १.४५ च्या खाली असेल तर दिलासा, ३.२५ च्या वर असेल तर तज्ज्ञाकडे लवकर, मधे असेल तर फायब्रोस्कॅन. ताज्या काविळीत हे गणित करू नका, ते चुकीचं येतं. पस्तिशीच्या आतल्यांनाही ते नीट लागू पडत नाही.

सिऱ्हॉसिस ठरला असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही, कारण यकृताचा कर्करोग लहान असताना तिथेच सापडतो. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला एन्डोस्कोपी. पोटात पाणी असेल तर मीठ कमी, लोणचं-पापड-शेव बंद. डाळ, दूध मात्र बंद करू नका, आणि रात्री झोपताना काहीतरी खा, दूध-पोहे असोत की केळं, रात्रभराच्या उपासाने स्नायू झिजतात. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेऊ नका.

फाइल

शेवटी कागद. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात: कुठला विषाणू, कधी कळलं, चालू औषध, रक्तगट, कशाची ॲलर्जी. त्यामागे तारखेप्रमाणे रिपोर्ट, जुना खाली, नवा वर. एका पानावर रेघा ओढून बिलिरुबिन, एसजीपीटी, अल्ब्युमिन, आयएनआर, प्लेटलेट असे पाच रकाने करा आणि प्रत्येक वेळचे आकडे भरा. डॉक्टरला तीस सेकंदांत चाल कळते. थर्मल कागदाची शाई उडते, त्याच्या झेरॉक्स काढून ठेवा. फाइलच्या आतल्या बाजूला घरच्या प्रत्येकाचं नाव, तपासणीची तारीख आणि लसीच्या तीन तारखा. आमच्या फाइलमध्ये तिथे लस लागणारी एकोणीस नावं आहेत. सतरांच्या पुढे तिन्ही तारखा भरल्या आहेत. दोन भाच्यांचा तिसरा डोस माघात आहे, मामांनी तो कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने गोल करून ठेवला आहे.